पोते पाहण्याआधी झाड पाहा

ईदच्या सकाळी शीरखुर्म्याच्या पातेल्यात जे काही पडते त्याचा हिशोब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. बदाम बहुधा अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातला. पिस्ता इराणचा, नाहीतर तोही कॅलिफोर्नियाचाच. चारोळी मध्य भारताच्या जंगलातली. काजू आपल्या कोकणातला, निदान आपण तसे समजतो. एका वाटीत चार हवामाने आणि तीन खंड एकत्र येतात. हा माल विकणारी आपल्या माणसांची लहानमोठी दुकाने मुंबई, भिवंडी, मालेगाव, सोलापूर, नांदेड अशी सर्वदूर आहेत. पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करणारी घराणीही आहेत.

या धंद्यात वजन, प्रतवारी आणि उधारी यांचे ज्ञान आपल्याकडे भरपूर आहे. झाडाचे ज्ञान मात्र जवळजवळ नाही. पोत्यात हात घालून बदाम जुना की नवा हे सांगणारा दुकानदार मिळेल. पण तो बदाम कोणत्या महिन्यात फुलतो, कोणत्या महिन्यात उतरतो आणि यंदा तिकडे पाऊस कसा पडला हे विचारले तर तो घाऊक व्यापाऱ्याकडे बोट दाखवतो. या अज्ञानाची किंमत आपण दोन ठिकाणी मोजत आहोत. शहरातला दुकानदार चुकीच्या महिन्यात चढ्या भावाने माल भरतो. आणि गावाकडचा जमीनमालक भलते झाड लावून पैसे बुडवतो, तर हक्काचे झाड मातीमोल भावाने दुसऱ्याच्या हवाली करतो. हे दुसरे नुकसान मोठे आहे, त्याकडे मी पुढे येणारच आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपण ज्याला सुका मेवा म्हणतो त्यात खारीक-मनुका एकीकडे आणि टणक कवचाची फळे दुसरीकडे. या दुसऱ्या वर्गातही झाडाच्या दृष्टीने फार थोडे साम्य आहे. बदाम हा पीच आणि आलुबुखाऱ्याचा सख्खा भाऊ. फरक इतकाच, की पीचचा गर खाऊन आपण आठळी टाकतो आणि बदामाचा गर टाकून आठळीच्या आतली बी खातो. शेंगदाणा तर झाडावर लागतच नाही. भुईमुगाचे फूल जमिनीवर येते, मग त्याची आऱ्या खाली वाकून मातीत शिरते आणि शेंग तिथे भरते. तो जातीने तुरी-मटकीचा भाऊबंद. आणि आपल्या गावात मशिदीच्या किंवा शाळेच्या अंगणात पसरट फांद्यांचे जे ‘बदामाचे’ झाड असते, ज्याची लालसर फळे मुले दगडाने फोडून खातात, त्याचा खऱ्या बदामाशी काडीचाही संबंध नाही. तो जंगली बदाम, वेगळ्याच कुळातला. नावाने फसणारे लोक आजही आहेत म्हणून हे सांगितले.

भाव फेब्रुवारीत ठरतो

जगात जेवढा बदाम होतो त्याचा पाऊण हिस्सा किंवा त्याहूनही अधिक एकट्या कॅलिफोर्नियात होतो, आणि त्या मालाचे सर्वात मोठे परदेशी गिऱ्हाईक आपला देश आहे. आपल्याकडे तो बहुतेक कवचासकट येतो आणि दिल्लीच्या आसपास फोडला जातो. हे झाड फेब्रुवारीत फुलते, पाने येण्याच्याही आधी. फुलोरा जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतो. बदामाच्या बहुतेक जातींत एका जातीच्या फुलाला त्याच जातीचा पराग चालत नाही. म्हणून बागेत दोन-तीन जातींच्या ओळी आलटून पालटून लावतात आणि पराग वाहून नेण्यासाठी मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात. अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून अशा लाखो पेट्या त्या दिवसांत ट्रकमधून कॅलिफोर्नियात येतात. त्या दोन-तीन आठवड्यांत पाऊस लागला किंवा गारठा पडला, की माशी पेटीबाहेर पडत नाही आणि फळ धरत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत नेमके तसे झाले आणि त्या वर्षीचे पीक घटले.

म्हणजे ऑक्टोबरात आपल्याला जो भाव सांगितला जातो तो बराचसा फेब्रुवारीतच ठरून गेलेला असतो. उन्हाळ्यात अमेरिकेच्या कृषी खात्याचा पिकाचा अंदाज प्रसिद्ध होतो. दिल्ली-मुंबईचे बडे आयातदार त्याकडे डोळे लावून बसलेले असतात. तो अंदाज काही गुप्त नसतो. आपला दुकानदार मात्र तो पाहत नाही, आणि सप्टेंबरात भाव चढला की ‘वरच्यांनी वाढवला’ म्हणून मोकळा होतो. वरचेही भाव वाढवतात, नाही असे नाही. सरकारचाही हात असतो. २०१९ च्या जूनमध्ये आपल्या सरकारने अमेरिकन बदाम-अक्रोडावर जादा शुल्क बसवले आणि ते सप्टेंबर २०२३ मध्ये काढले. पण प्रत्येक चढउताराचे खापर दलालावर फोडल्याने आपल्या गल्ल्यात काही पडत नाही.

पिस्त्याची तऱ्हा निराळी. या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. फळ मादीलाच लागते, पण आठ-दहा किंवा त्याहून अधिक माद्यांमागे एक नर लावावाच लागतो. पराग माशी नेत नाही, वारा नेतो. लावल्यापासून पाच-सात वर्षे झाड काही देत नाही. भरात यायला पंधरा वर्षे लागतात. एक वर्ष भरपूर, दुसरे वर्ष कमी, असा त्याचा स्वभावच आहे. पिस्त्याचे तोंड यंत्राने उघडतात असा पुष्कळांचा समज आहे. चांगल्या पिस्त्याचे कवच झाडावरच आपोआप उकलते. इराणी माणूस त्याला ‘खंदान’ म्हणतो, म्हणजे हसरा. उर्दू जाणणाऱ्या वाचकांना हा शब्द समजावून सांगायला नको.

हा पिस्ता मूळचा इराण-मध्य आशियाकडचा. केरमान आणि रफसंजान ही त्याची माहेरघरे. १९२९ साली विल्यम व्हाइटहाउस नावाचा अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ इराणात गेला आणि निवडक बी घेऊन परतला. त्या बियांतून निवडलेली ‘केरमान’ नावाचीच जात १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात प्रसारित झाली. १९८६ साली अमेरिकेने इराणी पिस्त्यावर २४१ टक्के शुल्क बसवून दार लावून घेतले. आज अमेरिका पिस्त्यात इराणच्या पुढे गेली आहे, आणि रफसंजानच्या शेतकऱ्यांच्या विहिरी मात्र उपशामुळे खोल खोल जात आहेत. कित्येक बागा पाण्याविना वाळल्या. मूठभर बी आणि तीस वर्षांचा धीर यांवर एका देशाने दुसऱ्याचा बाजार घेतला. आपल्या व्यापाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण काजूच्या बाबतीत हरलेल्या बाजूला आपण बसलो आहोत.

अक्रोडाबद्दल थोडक्यात. देशातला जवळजवळ सगळा अक्रोड जम्मू-काश्मीरचा. उंच झाडावर चढून सप्टेंबरात काठीने झोडपून तो उतरवतात. पडून दरवर्षी माणसे जायबंदी होतात, दगावतातही. हिरवी साल सोलताना हात काळे होतात आणि ते काळेपण लवकर जात नाही. हा माल आता चिली आणि कॅलिफोर्नियाच्या एकसारख्या, पांढऱ्याधोप गराशी स्पर्धा करतो. चव काश्मिरीची सरस असे माझे मत आहे, पण गिऱ्हाईक रंग पाहते. चिलगोजा किन्नौरच्या आणि अफगाणिस्तानच्या कोरड्या डोंगरांतला, पाइनच्या शंकूतला. लोक शंकू एकूण एक उतरवून नेतात, त्यामुळे रुजायला बी उरत नाही. हेझलनट तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरचा. त्याचा आपल्या गल्ल्याशी संबंध चॉकलेटपुरता.

रमजान सरकतो, हंगाम सरकत नाही

आता दुकानदाराच्या कामाचा मुद्दा. बदाम ऑगस्ट-सप्टेंबरात उतरतो, पिस्ता आणि अक्रोड सप्टेंबर-ऑक्टोबरात. नवा माल आपल्या बाजारात यायला ऑक्टोबर ते डिसेंबर उजाडतो. आपला काजू मात्र फेब्रुवारी-मार्च ते मे या काळात निघतो. हे महिने ठरलेले. रमजान मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो.

२०१५-१६ साली रमजान जूनमध्ये होता. तेव्हा काजू ताजा होता आणि बदाम-पिस्ता आठ-नऊ महिन्यांचा जुना, शीतगृहातून निघालेला. २०२५ ला रमजान मार्चच्या आरंभी आला, २०२६ ला फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. २०३० साली तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा एकदा, असा एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल. म्हणजे येत्या काही वर्षांत बदाम, पिस्ता, अक्रोड रमजानला ताजा मिळेल आणि काजू आदल्या उन्हाळ्यातला, आठ-दहा महिने गोदामात राहिलेला असेल. २०३४-३५ च्या सुमारास रमजान थेट दिवाळीला जाऊन भिडेल. एकाच महिन्यात दोन सणांची मागणी, वर लग्नसराई तोंडावर.

हे सगळे सांगायला ज्योतिषी लागत नाही. भिंतीवरची दिनदर्शिका पुरे. तरीही आपल्यातले बहुतेक दुकानदार ‘रमजानच्या आधी पंधरा दिवस माल भरायचा’ ही वडिलांची रीत डोळे झाकून चालवतात. वडिलांची रीत वडिलांच्या काळातल्या रमजानला बरोबर असेलही. येत्या वर्षांत काजू उन्हाळ्यातच घेऊन हवाबंद डब्यात ठेवणे आणि बदामासाठी नव्या मालाची पहिली गर्दी ओसरेपर्यंत थांबणे, असा काही हिशोब प्रत्येकाने आपल्या भांडवलाच्या मानाने बसवायला हवा. साठवताना एक सांभाळावे. ओलाव्याने या फळांवर बुरशी चढते आणि तिच्यातून अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. १९९७ साली युरोपने इराणी पिस्त्याची आयात काही काळ बंद केली ती याच कारणाने. आपल्या पावसाळ्यात गोणी भिंतीला टेकवून, फरशीवर ठेवणाऱ्याने हे विसरू नये.

रोपे विकणाऱ्यांपासून सावध

गेल्या काही वर्षांत गावोगाव रोपे विकणारे फिरताना दिसतात. कोणी बदामाचे कलम म्हणतो, कोणी पिस्त्याचे, कोणी मॅकेडेमियाचे. मोबाइलवर फळांनी लगडलेल्या झाडाची चित्रफीत दाखवतात आणि एका रोपाला शेकड्यांनी रुपये घेतात. आखातातून परतलेल्या, चार पैसे गाठीला असलेल्या माणसाला हा सौदा मोह पाडतो. खाडीकाठी किंवा कातळावर पडीक जमीन आहे, सोन्याच्या भावाचे पीक लावू, असे त्याला वाटते.

त्याने एकच प्रश्न विचारावा: या झाडाला थंडी किती लागते? बदाम, पिस्ता, अक्रोड ही झाडे हिवाळ्यात झोपतात. पारा साधारण सात अंशांच्या खाली असे काही शे तास गेल्याखेरीज त्यांचा डोळा धड फुटत नाही. बदामाला त्यातल्या त्यात कमी, तीन-चारशे तास म्हणा. केरमान पिस्त्याला आठशे ते हजार. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात पारा सातच्या खाली गेला तर ती वर्तमानपत्राची बातमी होते. त्यात आपला पाऊस. कॅलिफोर्नियात बदाम यंत्राने झाड हलवून जमिनीवर पाडतात आणि उन्हात तसाच वाळू देतात, तो महिना ऑगस्ट. ऑगस्टमध्ये कोकणात अंगण कोरडे राहत नाही, बदाम कुठून वाळणार? रोप जगेल, पानेही येतील. पण बदाम यायचा नाही. बदामाची बी कुंडीत रुजली म्हणून हुरळून जाणाऱ्यांची अवस्था आंबा बर्फात लावणाऱ्यासारखी आहे.

निसर्गाने मात्र आपल्याला रिकाम्या हाताने ठेवलेले नाही. पिस्ता ज्या कुळातला आहे त्याच कुळात आंबा आहे, काजू आहे, चारोळी आहे आणि अंगावर उतणारा बिब्बाही आहे. ही सगळी एका घराण्याची झाडे. पिस्त्याने कोरडे थंड डोंगर घेतले. काजू, आंबा, चारोळी आणि बिब्बा आपल्या उष्ण मुलखात रमले.

यातली चारोळी जंगलाची. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, मेळघाट आणि पलीकडे मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या वनांत ‘चार’ नावाचे हे झाड आपोआप वाढते. उन्हाळ्यात त्याची वाटाण्याएवढी जांभळी-काळी फळे आदिवासी बायामुले वेचतात, गर काढून टाकतात, गुठळी वाळवतात, जात्यासारख्या दगडात फोडून आतला दाणा काढतात. इतक्या कष्टाचा हा दाणा शहरात महाग विकला जातो, वेचणाऱ्याला मात्र गुठळीचा भाव मिळतो. आणि भावाच्या घाईत आता कच्ची फळेच, कधी फांदी तोडून, उतरवली जातात. कोवळ्या फळातला दाणा बारीक निघतो आणि तोडलेल्या फांदीला पुढच्या वर्षी काही लागत नाही. चारोळी दरवर्षी महाग का होते, याचे एक कारण जंगलात आहे. नागपूर-अमरावतीकडच्या आपल्या व्यापाऱ्यांनी पक्व मालाला वेगळा, वरचा भाव देऊन पाहावा. त्यांचाच पुढचा पुरवठा त्यावर अवलंबून आहे.

काजू कोणाचा?

आता काजू. हे झाडही मूळचे आपले नव्हे, ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणले आणि त्यांच्या ‘काजू’ या शब्दासकट ते इथलेच झाले. जांभ्याचा कातळ, उतार, आठ महिने कोरडी हवा, चार महिने धो धो पाऊस - जिथे भात होत नाही आणि आंबा रुसतो तिथेही काजू उभा राहतो. आपण ज्याला फळ म्हणतो तो बोंडू म्हणजे खरे तर फुगलेला देठ. खरे फळ म्हणजे त्याच्या टोकाला बाहेर लोंबणारी बी. तिच्या टरफलात तेल असते, ते कातडी जाळते. तेल काढून ब्रेकच्या अस्तरात, रंगात, व्हार्निशात वापरतात, म्हणून टरफलालाही बाजार आहे. काजूच्या कारखान्यांत बी फोडणाऱ्या बाया हाताला राख किंवा एरंडेल चोळून काम करतात, तरी बोटे काळी पडतात. हातमोजे देणे मालकाला कठीण नाही. पण वेग कमी होतो म्हणून पुष्कळ ठिकाणी देत नाहीत. पांढराशुभ्र गर हातात घेताना ही बोटे आठवावीत.

देशात काजूच्या उत्पादनात महाराष्ट्र आघाडीवर आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जाती दिल्या. कलम तिसऱ्या वर्षापासून धरू लागते. वेंगुर्ला-७ ची बी सुमारे दहा ग्रॅमची, टपोरी; शंभर किलो बीमधून तीस किलोंच्या आसपास गर निघतो. आफ्रिकेची सर्वसाधारण बी याहून लहान आणि उतारा कमी. म्हणजे झाड चांगले, जात चांगली, माती अनुकूल. मग कोकणातला काजूवाला गरीब का?

कारण आपण बी विकतो आणि गर विकत घेतो. मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालून बी उचलायची, धड वाळवायचीही नाही, त्याच आठवड्यात दारात आलेल्या व्यापाऱ्याला घालायची. ती गोवा-कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जाते आणि तिचाच गर डब्यात बसून परत येतो. पुष्कळ घरी तर एवढेही होत नाही. घरची कर्ती माणसे मुंबईत किंवा आखातात. बाग वर्षाच्या मक्त्याने ठोक रकमेला देऊन टाकतात. मक्तेदार चोरीच्या धास्तीने बोंडू पडण्याची वाट न पाहता बी उतरवतो. अपक्व बी पाण्यावर तरंगते, पक्व बी बुडते; ही परीक्षा कोकणात पोरालाही ठाऊक असते. तरीही कच्चा माल मिसळला जातो आणि मग ‘कोकणची बी हलकी’ म्हणून सरसकट भाव पाडला जातो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या गावात फारशी बोलली जात नाही. जगात सर्वात जास्त काजू आज आयव्हरी कोस्ट पिकवतो. तिथला आणि पश्चिम आफ्रिकेतल्या इतर देशांचा हंगाम फेब्रुवारी ते जून, म्हणजे जवळजवळ आपलाच. आपल्या कारखान्यांना देशातली बी पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतून लाखो टन बी येते. तिच्यावरचे आयात शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात पाचावरून अडीच टक्क्यांवर आणले गेले. हंगामाच्या सुरुवातीला कोकणात भाव बरा असतो आणि बोटी बंदराला लागल्या की तो उतरतो, हा अनुभव त्यामुळेच. टांझानिया आणि मोझांबिकचा काजू मात्र ऑक्टोबरनंतर निघतो. त्यामुळे पावसाळाभर ज्याच्याकडे नीट वाळवलेली बी शिल्लक असते त्याला ऑगस्ट-सप्टेंबरात वेगळे गिऱ्हाईक भेटते.

सरकारने काही केले नाही असे नाही. २०२३ साली राज्यात काजू मंडळ स्थापण्याचा निर्णय झाला. २०२४ च्या हंगामासाठी किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर झाले. शेजारी गोव्याने २०२३ मध्ये बीची आधार-किंमत किलोला १५० रुपये केली आणि आपल्या बागायतदारांनी त्याकडे बोट दाखवून आंदोलने केली. मागणी रास्त आहे. पण अनुदानाच्या दहा रुपयांनी बाजारातले आपले स्थान बदलत नाही. मोझांबिकचे उदाहरण पाहा. सत्तरच्या दशकाच्या आरंभी तो देश काजूत जगात पहिला होता, त्याचे स्वतःचे मोठे कारखाने होते. यादवी युद्धाने बागा उद्ध्वस्त झाल्या. त्यानंतर नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या सल्ल्याने कच्च्या बीच्या निर्यातीवरचा कर कमी केला गेला, बी जहाजाने भारतात येऊ लागली आणि तिथले कारखाने बंद पडून हजारो कामगार घरी बसले. तेव्हा फायदा आपल्या केरळच्या कारखान्यांना झाला. पुढे व्हिएतनामने यंत्रे आणली, स्वस्तात गर काढला, आणि कोल्लमच्या कित्येक कारखान्यांना कुलपे लागली. काजूत पैसा पिकवणाऱ्याकडे राहत नाही. तो फोडणाऱ्याकडे जातो, आणि जो स्वस्त व स्वच्छ फोडतो त्याच्याकडे जातो.

फोडण्याचे काम अवघड नाही. बी उन्हात दोन-तीन दिवस वाळवायची, नख दाबून खूण उमटत नाही इतकी. मग वाफवायची, कापायची, बोरम्यात सुकवायची, साल काढायची, प्रतवारी लावायची. आपण डब्यावर डब्ल्यू-३२०, डब्ल्यू-२४० असे आकडे वाचतो. ते एका पौंडात किती अखंड गर बसतात त्याचे आकडे आहेत. आकडा जितका लहान, गर तितका मोठा आणि भाव तितका जास्त. आपल्या वेंगुर्ला जातींचा टपोरा गर इथेच कमाई करून देतो. अखंड गर मोडून पाकळी झाली की भाव उतरतो, तुकडा-कणी झाली की आणखी उतरतो. म्हणून कापणाऱ्या हाताचे कसब हेच खरे भांडवल. सिंधुदुर्गात आणि कोल्हापुरातल्या चंदगड-आजऱ्याकडे असे अनेक लहान कारखाने उभे आहेत, त्यांतले कित्येक घरगुती.

अडचण यंत्राची कमी, पैशाची जास्त आहे. हंगाम तीन महिन्यांचा आणि कारखाना वर्षाचा. वर्षभराची बी एकदम विकत घेऊन ठेवावी लागते. समजा दहा टन बी किलोला १३० रुपयांनी घेतली, तर १३ लाख रुपये गोदामात पडून राहिले. त्यातून अडीच-तीन टन गर निघेल, पण तो हळूहळू विकला जाईल. हे १३ लाख कर्जाचे असतील तर नफा व्याजातच जातो, आणि व्याजाच्या वाटेला न जाणाऱ्या माणसाला तर ते दारच बंद. इथे आपल्या समाजाकडे एक गोष्ट आहे जी इतरांकडे तितकी नाही: आखातात कमावलेला, बहुधा मुंब्रा-पनवेलच्या कुलूप घातलेल्या सदनिकेत अडकवलेला पैसा. पाच-सात नातेवाइकांनी नफा-तोट्याच्या भागीदारीत एका हंगामाची बी घेतली, हिशोब लेखी ठेवला, आणि तो माल आपल्याच शहरातल्या दुकानदारांना रमजानसाठी थेट दिला, तर मधले दोन-तीन हात वगळता येतात. गावाकडे बी आहे, शहरात दुकान आहे, आखातात भांडवल आहे, आणि तिघेही बहुतेक एकाच खानदानातले. तरी एकमेकांचा माल एकमेकांना विकत नाहीत. भागीदारीत भांडणे होतात, हे ऐकून आहे. तोंडी व्यवहारावर होतात. लेखी करारावर कमी होतात.

बोंडू हा वेगळा विषय आहे, आणि खरे तर लाजेचा. बीच्या वजनाच्या पाच ते आठ पट बोंडू दरवर्षी झाडाखाली कुजतो. गोव्यात त्याची दारू गाळतात, ती वाट आपली नव्हे. पण संत्र्यापेक्षा कितीतरी अधिक ‘क’ जीवनसत्त्व असलेल्या या फळाचे सरबत आणि जॅम बनवण्याच्या रीती कृषी विद्यापीठाने कधीच बसवून दिल्या आहेत. बोंडू एका दिवसात नासतो, म्हणून काम गावातच व्हायला हवे. रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर बाटलीतले लाल पाणी ओतणाऱ्या आपल्या घरांत कोकणातल्या बोंडूचे सरबत का पोहोचत नाही, हे मला उमजलेले नाही.

शेवटी मक्त्याची एक व्यावहारिक बाब. काजूला मोहोर नोव्हेंबर-डिसेंबरपासून दिसू लागतो आणि मक्त्याची बोलणीही त्याच सुमारास सुरू होतात. मालक फोनवर आखातात असतो आणि मक्तेदार बागेत उभा. मोहोर कसा आहे, ढेकण्याने किती जाळला आहे, जुनी रायवळ झाडे किती आणि कलमे किती, हे फक्त एकाला दिसते. यंदा बाग द्यायचीच असेल तर भाव बोलण्याआधी घरातल्या कुणाला तरी, बहिणीला, भाच्याला, बागेत पाठवून झाडे मोजून घ्यावीत, प्रत्येक ओळीचे छायाचित्र मागवावे. आणि बोंडू आपोआप पडल्याखेरीज बी उतरवायची नाही, ही अट कागदावर लिहून घ्यावी.